तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

या, बसा. चहा गाळून होतोय तोवर सांगूनच टाकतो. तुम्ही बाहेरून ऐकलंच असेल, पण बाहेरचे लोक नीट सांगत नाहीत. माझी फजिती माझ्याइतकी रंगवून दुसऱ्या कोणाला सांगता येते का?

सत्तरी ओलांडली माझी. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी वर्गाबाहेर उभं राहून. अकोल्याच्या जुन्या शहरात अशी एक गल्ली नाही जिथं मी कोणाची खोडी काढली नाही. मांडवात व्याह्यांच्या चपलांची अदलाबदल करणारा मी. गुरुजींच्या सायकलची घंटी काढून त्यांच्याच छत्रीच्या दांड्याला बसवणारा मी. आणि असा हा नथ्थूजी गेल्या हिवाळ्यात एका 'नाही'पायी सपशेल आडवा झाला!

तुम्ही वऱ्हाडचे असाल तर पुढचं सांगायची गरज नाही. बाहेरचे असाल तर जरा ऐका. आमच्याकडे कोणी काही विचारलं की लगेच 'हाव' म्हणत नाहीत. 'हाव' म्हणजे हो. 'चहा घेता?' विचारलं, की म्हणायचं, 'नाई, आताच घेतला.' दुसऱ्यांदा विचारलं, की म्हणायचं, 'काहून तरास करता जी?' आणि तिसऱ्यांदा विचारलं की कप हातात! पहिलं 'नाही' म्हणजे रामराम. दुसरं म्हणजे ख्यालीखुशाली. खरं उत्तर तिसऱ्याला येतं. पहिल्याच झटक्याला 'हाव' म्हणणारा माणूस म्हणजे बिनभिडेचा, ताट मांडायच्या आधी पंगतीत बसणारा.

हे ज्याला माहीत नाही अशी एक पोरगी आमच्या गल्लीत आली, आणि घोटाळा झाला.

ऋचा तिचं नाव. आजोबा तेल्हाऱ्याचे कापूसवाले, पण पोरगी वाढली पुण्यात, इंजिनिअर झाली. आजोबांचं एक सरकीचं गोदाम मोर्णा नदीच्या पुलाजवळ बंद पडलं होतं. पोरीनं ते झाडून घेतलं आणि म्हणाली, इथं 'मेकरस्पेस' काढते. म्हणजे काय, तर सगळ्या गावाचं मिळून एक वर्कशॉप. सुताराचं बाक, वेल्डिंग, शिलाई मशिना, प्लॅस्टिकच्या वस्तू छापणारं एक यंत्र. कोणीही यावं, काहीही बनवावं.

मी आपला मजा पाहायला गेलो. पोरीला एखादी टोपी घालता आली तर तेही करू म्हटलं. आत पाय टाकला आणि समोर काय? लोखंड कातायचा आमचा लेथ!

हिरवा रंग पार उडालेला. पण गिअरच्या झाकणावरचा तो पोचा मी झोपेतही ओळखला असता. माझा भागीदार सुखदेव, त्यानं माझ्यावर चिडून हातोडी फेकली होती, मी वाकलो, ती झाकणाला लागली. त्याचीच ती खूण.

"हा भंगारात सापडला काका," ऋचा म्हणाली. "छान मशीन आहे. फक्त लोखंड पकडणारा चक आवळायची चावी नाहीये याची."

मी लेथवरून नुसता हात फिरवला. लोखंड गार होतं, पण हाताला ओळख पटली. चावी कुठे आहे ते मला माहीत होतं.

तुम्हाला सांगतो. दीड खोली, एक लेथ आणि आम्ही दोघं, एवढंच आमचं वर्कशॉप. सुखदेव आणि मी. मोटारपंपाचे शाफ्ट, जिनिंगच्या मशिनीचे बुश, जे येईल ते करायचो. तो चालवायचा, मी बोलायचो. तो माप घ्यायचा, मी त्याचा चष्मा लपवायचो. तीस वर्षं! मग त्याची बायको गेली, अन् मुलानं त्याला अमरावतीला बोलावलं.

एक दिवस लेथ बंद करून तो मला म्हणाला, "नथ्थ्या, पोरगा बोलावून राह्यला. जाऊ का?"

आता यावर मी काय म्हणायला हवं होतं? शहाण्या माणसानं काय म्हटलं असतं? मी म्हटलं, "जा ना बावा! मशीनले थोडा आराम भेटंल."

तो हसला. मीही हसलो. मला वाटलं, अजून दोनदा विचारेल, मग सांगू. तो सरळ चौथ्या दिवशी पिशवी घेऊन निरोपाला आला.

मी काय केलं असेल? 'थांब' म्हटलं नाही. चकची चावी गुपचूप त्याच्या पिशवीत टाकली! माझा हिशोब असा, की लेथवाल्या माणसाला दुसऱ्याच्या चकची चावी घरात ठेवून घास गिळत नाही. आठ दिवसांत शिव्या देत परत येईल.

आठवडाभर मी दोघांचा चहा मागवला. मग एकाचा मागवायला लागलो. दुसरी चावी घडवली, ती नेहमी थोडी सैलच बसायची. वर्षभरात शटर ओढलं, लेथ विकला. अकरा वर्षं झाली याला. तो तिकडं, मी इकडं. मध्ये दोन तासांचा रस्ता! कोणाच्या लग्नात कळायचं, सुखदेवचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, सुखदेवच्या गुडघ्याचं दुखणं निघालं. फोन? त्यानं केला नाही म्हणून मी केला नाही, अन् मी केला नाही म्हणून त्यानं केला नाही. दोघंही एकाच शाळेचे.

असो. चहा घ्या, गार होतो.

तर ऋचानं एका रविवारी सकाळी सगळ्यांना बोलावलं. मेकरस्पेसचं मंडळ नेमायचं. सात जण, बिनपगारी, नुसती सेवा. एकाकडे मशीन विभाग. म्हणजे लेथ त्याच्या हाती.

मला ती जागा हवी होती. थट्टा नाही करत. जन्मात कोणत्या खुर्चीसाठी जीव टांगला नव्हता, पण त्या लेथपुढं उभं राहायचं म्हणून मी त्या दिवशी दाढी केली, नवा दुपट्टा गळ्यात घातला आणि पहिल्या रांगेत बसलो.

पोरीनं पहिलं मलाच विचारलं. "नथ्थूजी काका, तुम्ही याल का मंडळात?"

"छ्या!" मी म्हटलं. "मी काय करतो बावा मंडळात? चवथी शिकेल माणूस. कोणी हुशार पाहा."

झकास पहिलं 'नाही'! आता दुसऱ्यांदा विचारेल म्हणून मी दुसरं तयार ठेवलं.

"बरं काका. तुम्ही इतकं स्पष्ट सांगितलंत, छान वाटलं," असं म्हणून तिनं वहीत माझ्या नावापुढे फुली मारली. अन् पुढं गेली!

अहो, माझं दुसरं 'नाही' घशातच राहिलं!

पुढं रामकृष्ण मिस्त्री. चाळीस वर्षं सुतारकी केलेला माणूस. तो म्हणाला, "आता वय झालं जी आपलं." फुली. शेवंताबाई, अर्ध्या शहराचे ब्लाउज शिवणाऱ्या. त्या म्हणाल्या, "मले घरचंच पुरत नाई व माय." फुली. एक रिटायर गुरुजी म्हणाले, "नव्या लोकांना संधी द्या." त्यांनाही फुली. दहा मिनिटांत पोरीनं जुन्या शहरातली सगळी कारागिरी वहीतून उडवली. सगळे एकमेकांकडे पाहू लागले, अन् पोरगी खूश! म्हणते, "इथले लोक किती प्रामाणिक आहेत!"

तेवढ्यात मागून बबन पानवाला ओरडला, "हाव! लिहा ना माह्यं नाव! काय काम राह्यते?"

सगळी सभा मागं वळली. भर पंगतीत कोणी ढेकर द्यावा तसं सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. बबनला काय त्याचं! त्यानं शेजारच्या मेहुण्याला कोपर मारलं. मेहुणा स्कूटरची किल्ली द्यायला आला होता बिचारा. "यालेबी लिहा." लिहिलं. मग ज्यांना भीड म्हणून ठाऊक नाही असे आणखी चार निघाले. सहा जणांचं मंडळ झालं. सहांपैकी एकालाही पाना आणि पक्कड यातला फरक माहीत नव्हता.

राहिली सातवी जागा. मशीन विभागाची.

"लेथ येणारं कोणी आहे का?" ऋचानं विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. विचार ना पोरी, आता तरी विचार!

मिस्त्री म्हणाला, "नथ्थूजी हाय ना."

"नको नको," पोरगी म्हणाली. "काकांनी नाही म्हटलंय. आपण त्यांना आग्रह नको करायला."

आग्रह नको करायला! ऐकलंत?

घरी आलो तर बायकोला आधीच बातमी. शांता हसून हसून जात्यावर टेकली. "जलमभर लोकाईची मजा केली, आता आली का वाट्याले? जा, सांग त्या पोरीले, मले यायचं हाय म्हणून."

"मी तोंडानं मागू?"

"मंग काय हातानं मागशीन?"

दुसऱ्या दिवशी गेलो. पण तोंडानं मागायचं म्हणजे काय, जीभ वळेना. म्हणून मी वळसा घेतला. म्हटलं, "पोरी, लेथवर मी काय, काहीच नाई. खरा माणूस सुखदेव. त्याच्यापुढं आमी पाणी भरतो."

यावर कोणीही म्हटलं असतं, 'असं कसं काका, तुम्हीही कमी नाही.' मग मी 'छे छे' म्हटलं असतं, मग तिनं, मग मी, अन् झालं असतं काम. पोरगी टाळ्या वाजवत उठली. "वा! कुठे असतात ते?"

"अमरावतीले."

"घेऊन या ना काका त्यांना! सातवी जागा त्यांचीच!"

आता सांगा. स्वतःची खुर्ची स्वतःच्या हातानं दुसऱ्याला देऊन आलेला दुसरा भैताड पाहिलाय का तुम्ही कुठं?

रात्रभर... जाऊ द्या, रात्रीचं काय सांगायचं. सकाळच्या एसटीनं निघालो. खरं म्हणजे न जाताही चाललं असतं. 'त्याला जमत नाही' असं पोरीला सांगितलं असतं तर तिनं झक मारत मलाच घेतलं असतं. मूर्तिजापूर आलं तेव्हा उतरून परत फिरावं असं मनात आलं. पण बडनेरा आलं, अन् खुर्चीचा विचार मागं पडला. आला तो दुसराच. दार उघडून तो 'कोण पाहिजे?' म्हणाला तर?

दार त्यानंच उघडलं. मला वरून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाला, "नथ्थ्या, ढेरी सुटली बे तुले."

"अन् तू वाळून गेला. सुपारी झाला लेका."

बस, एवढंच. अकरा वर्षांचं झालं आमचं बोलून.

सून वरूडकडची, चांगल्या वळणाची. संत्री सोलून ठेवली, चिवडा आणला. "घ्या ना काकाजी." नाई. "थोडं तं घ्या." काहून तरास? "तुमी नाई घेतलं तं मी जेवत नाई!" घेतलं! पाहा, याला म्हणतात माणूस. पुण्याच्या पोरीनं फुली मारली असती चिवड्यावर.

मग मी मुद्द्यावर आलो. "सुक्या, आपल्या गल्लीत एक वर्कशॉप निघून राह्यलं. मंडळ केलं. लेथचा माणूस पाहिजे. येतं का?"

"नाई बावा. माह्या हातात आता काय राह्यलं?"

त्याचे हात तेच होते. अंगठ्यावरचा व्रण तोच. मी म्हटलं, "आपलाच लेथ हाय. झाकणावर पोचा हाय ना, तो."

संत्र्याची फोड त्याच्या बोटांत तशीच राहिली.

"मंग? येतं का?"

"आता कोठी जातं या वयात? नाई जमत."

मी उठलो. म्हटलं बस चुकेल, निघतो. त्यानंही थांबवलं नाही. दारापर्यंत आला, उभा राहिला.

तुम्ही म्हणाल, गड्या, दोनदाच विचारलंस, तिसऱ्यांदा काहून नाही विचारलं? मला काय कळत नव्हतं? मोजता येतं मला, चौथी पास आहे! पण तिसऱ्याला खरं उत्तर येतं ना हो. दोन 'नाही' घेऊन घरी जाता येतं. त्यात माणूस उरतो थोडा. तिसरं 'नाही' आलं असतं तर मी ते कोणत्या पिशवीत घालून नेलं असतं?

बसमध्ये बसलो. खिडकीची जागा मिळाली. पोट्टा कंडक्टर आला. "अकोला का काका?"

मी गप्प.

"काका, अकोला का?"

मी खिडकीबाहेर.

"ओ काका! तिसऱ्यांदा विचारून राह्यलो! अकोल्याले जाता का नाई?"

"नाई!" मी ओरडलो, अन् धक्के देत खाली उतरलो. मागून सगळी बस हसली. हसू द्या.

रिक्षा करून परत सुखदेवच्या गल्लीत. वाटेत वाक्यं जुळवत होतो, आज खोडी नाही, थट्टा नाही, सरळ विचारायचं. कोपऱ्यावर वळलो तर सुखदेव पायरीवर बसलेला. पायात चपला. गळ्यात दुपट्टा. मांडीवर पिशवी.

"किती उशीर बे?" तो म्हणाला. "गुडघे अखडून गेले माह्ये."

"तुले काय माहीत मी वापस येईन म्हणून?"

"दोनदाच इचारलं होतं ना तू. मी म्हटलं, येते, कोठी जाते." अन् मग पिशवीची गाठ सारखी करत, माझ्याकडं न पाहता म्हणाला, "त्या वक्ती 'थांबतं का' म्हणून तं एकदाबी नाई इचारलं लेका. नुसती चावी टाकली."

मी पिशवीकडं हात नेला. तेवढ्यात सून दारात आली, म्हणाली, "काकाजी, बाबा हे लोखंड दर दिवाळीले तेल लावून पुसत. मले वाटे देवाचं काही असंन."

पिशवीत चावी होती. चकाकत होती.

"येतं का सुक्या?" मी विचारलं. तिसऱ्यांदा.

"हाव. चाल."

झालं! सुखदेव मंडळात बसला. दर शनिवारी एसटीनं येतो, आमच्याकडं मुक्काम, रविवारी मेकरस्पेस. ऋचाला मी तीनदा विचारायची रीत शिकवली. पोरगी हुशार, आता मिस्त्री अन् शेवंताबाई दोघंही तिथं शिकवायला येतात. फक्त ती आता सगळंच तीनदा विचारते. पंखा लावू का हेसुद्धा. आणि माझं काय? मंडळाच्या सात जागा भरल्या. मी साधा सभासद.

सुखदेवनं मशीन विभाग हाती घेतल्या-घेतल्या पहिला नियम काढला. शिकल्याशिवाय आणि परीक्षा पास झाल्याशिवाय लेथला कोणी हात लावायचा नाही. कोणी म्हणजे कोणी! मंडळानं एकमतानं पास केलं. पहिला 'हाव' अर्थातच बबनचा.

मी म्हटलं, "सुक्या, तीस वर्षं मी त्या मशिनीपाशी उभा होतो!"

"उभा होता. चालवत मी होतो," तो म्हणाला. "बस खाल्ती."

बसलो. चष्मेवाल्या पोट्ट्या-पोट्टींच्या रांगेत, सत्तरीचा मी. आणि परीक्षेत नापास झालो. लेथपुढं गळ्यात दुपट्टा घालून गेलो, फिरत्या मशिनीत अडकला तर मानच जायची. अहो, मला काय माहीत नाही? मुद्दाम घातला होता! नापास झालेल्याला पुढच्या रविवारी पुन्हा बसावं लागतं, अन् सुखदेवनं पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. चकपासून. आवाज तोच त्याचा, थोडा बारीक झालाय.

पुढच्या रविवारी मात्र पास व्हायचं ठरवलं होतं. दुपट्टा घरी ठेवला. चक आवळला. बटणाकडं हात नेला, अन् सुखदेवनं कान धरला माझा. खरोखर धरला, सगळ्यांदेखत! चावी चकातच राहिली होती. मशीन सुरू झालं असतं तर गोळीसारखी सुटली असती.

ही चूक मुद्दाम नव्हती, देवाशपथ. मी त्याच्याकडं पाहत होतो म्हणून राहिली.

त्यानं चावी काढून माझ्या नाकापुढं धरली. "अकरा वर्षं म्या सांभाळली. तुले अकरा मिनटं नाई जमली बे?"

सगळी पोट्टी खिदळली. ऋचाला माझी दया आली. "काका, पुढच्या रविवारी पुन्हा बसाल का?"

"हाव!" तिचं वाक्य संपायच्या आत मी म्हणून बसलो. पहिल्याच झटक्याला!

सगळं गोदाम वळून माझ्याकडं पाहायला लागलं. मागच्या बाकावरून बबन पानवाला म्हणाला, "काय जी नथ्थूजी! जरा तं भीड धरा!"